कासिमेडूच्या धक्क्यावर: एका ट्रॉलरची आणि त्याच्या बंदराची गोष्ट



आज आधी एक प्रश्न विचारते. रविवारी तुमच्या घरी मासे आले, तर ते कुठून आले हे तुम्हाला माहीत असतं का? बाजारातून, कोपऱ्यावरच्या मावशीकडून किंवा अ‍ॅपवरून आले असतील. पण त्याच्या आधी? तो मासा किती दिवस बर्फात होता, किती लांबून आला आणि त्याला पकडायला गेलेला माणूस घरी कधी परतला, हे आपण क्वचितच विचारतो. मीसुद्धा विचारत नव्हते. मग एका रविवारी पहाटे उठून कासिमेडूला गेले, आणि आजचा लेख तिथेच सुरू झाला.

चेन्नईत नव्याने आलेल्यांसाठी सांगते. कासिमेडू म्हणजे उत्तर चेन्नईतलं, रॉयपुरमला लागून असलेलं मासेमारी बंदर. इथे पहाट व्हायच्या आतच लिलाव सुरू होतो. पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे बर्फ फोडण्याचा आवाज, दुसरीकडे डोक्यावर टोपल्या घेऊन धावणारी माणसं आणि पायाखाली खारं पाणी. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर गेला असाल, तर इथे अगदी घरच्यासारखं वाटेल. फक्त माशांची नावं नव्याने शिकावी लागतात. सुरमई म्हणजे वंजिरम, पापलेट म्हणजे वव्वाल, कोळंबी म्हणजे इरा, माकूल म्हणजे कडंबा आणि खेकडा म्हणजे नंडू.

बंदर नसलेलं बंदराचं शहर

मद्रास इतकं मोठं व्यापारी शहर, पण त्याला कित्येक वर्षं बंदरच नव्हतं. मुंबईसारखी निसर्गाने दिलेली खाडी इथे नाही. किनारा सरळ, उघडा आणि लाटा जोरदार. त्यामुळे जहाजं दूर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची, आणि माणसं व माल किनाऱ्यावर आणायचं काम 'मसुला' नावाच्या होड्या करायच्या. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. लाट आदळली की होडी थोडी वाकायची, पण फुटायची नाही. तिच्या जोडीला ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा असायचा. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम् म्हणजे लाकूड, म्हणून त्याचं नाव कट्टुमरम्. इंग्रजीतला 'कॅटमरान' हा शब्द इथूनच गेला. मासेमारीही याच तराफ्यांवरून चालायची. आपल्याकडे जसे कोळी, तसा या किनाऱ्यावर पट्टणवर समाज पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आला आहे.

१८६१ मध्ये लोखंडी धक्का झाला, पण त्याने भागत नव्हतं. शेवटी डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कृत्रिम बंदराची पायाभरणी झाली. समुद्रात दोन लांब बांध घालून मधलं पाणी शांत करायचं, अशी ती योजना होती. गंमत म्हणजे मुंबईचा ससून डॉकही त्याच १८७५ सालचा. तो बांधला गेला कापसाच्या व्यापारासाठी, आणि आज तो ओळखला जातो माशांसाठी!

मद्रासचं बंदर मात्र सहजासहजी उभं राहिलं नाही. नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने बांध उद्ध्वस्त केले आणि काम पुन्हा हाती घ्यावं लागलं. पुढे १९०४ ते १९१९ या काळात सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी बंदराची सूत्रं सांभाळली, तेव्हा पूर्वेकडचं तोंड बंद करून ते ईशान्येला नेण्यात आलं.

या बांधांचा एक परिणाम तुम्ही रोज पाहता. या किनाऱ्याला वाळू वर्षभरात बहुतांशी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराचा बांध मध्ये आला आणि वाळू त्याच्या दक्षिणेला अडकून साठत गेली. आपण संध्याकाळी मुलांना घेऊन जातो तो मरीना बीच असाच रुंद होत गेला. पण जी वाळू दक्षिणेला थांबली, ती उत्तरेला पोहोचलीच नाही. रॉयपुरम, कासिमेडू, तिरुवोट्टियूर या भागांत समुद्र जमीन खात गेला. तिथे आज वाळूऐवजी मोठमोठ्या दगडांची भिंत दिसते. शहराच्या एका बाजूला फिरायला चौपाटी मिळाली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या कोळ्यांची होडी ओढायची पुळण गेली. कासिमेडूची गोष्ट समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवं.

ट्रॉलर आला कसा?

आता ट्रॉलरकडे वळू. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून मोठं जाळं ओढत नेणारी यांत्रिक बोट. तमिळमध्ये यांत्रिक बोटीला 'विसैप्पडगु' म्हणतात. तिच्या मागे नरसाळ्यासारखं जाळं असतं. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन जड फळ्या बांधलेल्या असतात. बोट पुढे निघाली की पाण्याच्या जोराने त्या फळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला वजनं. शेवटी एक पिशवी असते आणि वाटेत येईल ते सगळं तिच्यात जमा होतं. काही तास ओढून झालं की विंचने जाळं वर घ्यायचं, पिशवीची गाठ सोडायची, डेकवर ढीग पडतो, तो निवडायचा आणि पुन्हा जाळं पाण्यात. दिवस-रात्र हेच चक्र चालू राहतं.

या जाळ्यात मुख्यतः तळाजवळ राहणारे जीव येतात. कोळंबी, माकूल, खेकडे आणि आपण ज्याला राणी मासा म्हणतो तो गुलाबी शंकरा. सुरमई बहुतेक वेळा उभ्या जाळ्यात किंवा गळाला लागते. त्यामुळे बाजारात दोन्ही मासे शेजारी शेजारी दिसले, तरी त्यांच्या मागची बोट वेगळी असू शकते.

भारतात ट्रॉलरचे प्रयोग शंभर वर्षांहून जुने आहेत. १९०८ मध्ये बंगालच्या उपसागरात 'गोल्डन क्राउन' नावाचा वाफेवरचा ट्रॉलर चालवून पाहिला गेला. १९२१-२२ मध्ये मुंबईहून 'विल्यम कॅरिक' निघाला. मद्रास सरकारनेही १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'लेडी गोशेन' या ट्रॉलरकडून दक्षिणेच्या समुद्राचा तळ तपासून घेतला. तेव्हा मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड गोशेन होते, त्यावरून हे नाव. समुद्रात मासा होता, पण तो टिकवायला बर्फ, ठेवायला शीतगृह आणि वेळेत पोहोचवायला वाहतूक हवी होती, आणि या गोष्टी पुरेशा नव्हत्या. हे प्रयोग व्यवसायात उतरले नाहीत.

मद्रासने आणखी एक काम आधीच केलं होतं. १९०७ मध्ये सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकाराने इथे मत्स्य विभाग सुरू झाला. निकल्सन जपानला जाऊन तिथली मासेमारी पाहून आले होते. त्यांच्यानंतर आलेले जेम्स हॉर्नेल यांनी तर आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांचा सविस्तर अभ्यास लिहून ठेवला. कट्टुमरमकडे 'मागासलेलं साधन' म्हणून न बघता, या लाटांना तोंड देणारी हुशार रचना म्हणून त्यांनी पाहिलं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचं सरकारी केंद्र सुरू झालं. आजची 'फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया' ही संस्था त्यातूनच वाढली. तिचं मुख्यालय मुंबईत आहे आणि चेन्नईचं केंद्र याच रॉयपुरमच्या मासेमारी बंदरात. म्हणजे कासिमेडूच्या धक्क्याचं मुंबईशी असंही एक नातं आहे.

खरा बदल झाला १९५२ नंतर. त्या वर्षी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळच्या नींडकरा भागात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. उद्देश होता कोळ्यांना यांत्रिक बोटी देऊन त्यांचं जीवनमान सुधारण्याचा. पण गोठवलेल्या कोळंबीला अमेरिका आणि जपानमध्ये चांगला भाव मिळतो हे कळलं, आणि सगळं गणित बदललं. कोळंबी तळाशी राहते आणि तळावरून जाळं ओढतो ट्रॉलर. केरळपासून मद्रासपर्यंत सरकारी अनुदानावर, कर्जावर ट्रॉलर उतरू लागले.

एकाच पाण्यात दोघं

कट्टुमरम आणि ट्रॉलर, दोघांचा मासा किनाऱ्याजवळच होता. कोळंबी उथळ पाण्यात जास्त, म्हणून ट्रॉलरही तिथेच घिरट्या घालायचे. लहान कोळ्यांनी रात्री टाकून ठेवलेली जाळी ट्रॉलरच्या फळ्यांत अडकून फाटायची. ज्याच्याकडे एकच जाळं आहे, त्याचं ते फाटणं म्हणजे घरातली चूल विझणं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या किनाऱ्यावर या वादाने उग्र रूप घेतलं. मारामाऱ्या झाल्या, बोटी जाळल्या गेल्या, माणसं मेली.

त्यातून १९८३ चा तामिळनाडू सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपर्यंतचं, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंतचं पाणी लहान होड्यांसाठी राखून ठेवण्यात आलं आणि यांत्रिक बोटींनी त्याच्या पलीकडे जायचं ठरलं. १९८० च्या दशकातच कासिमेडूचं मासेमारी बंदर वापरात आलं आणि ट्रॉलरना हक्काचा धक्का मिळाला. आज तिथे बांधताना ठरवलेल्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बोटी उभ्या असतात. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. धक्क्यावर उतरायचं तर खलाशी दोन-तीन बोटींवरून उड्या मारत येतात.

एका दिवसाचे पंधरा दिवस कसे झाले?

सुरुवातीचे ट्रॉलर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आज कासिमेडूचे मोठे ट्रॉलर दहा-पंधरा दिवस समुद्रात राहतात आणि पार आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे जातात. कारण साधं आहे. जवळचा मासा कमी झाला. मग बोट मोठी केली, इंजिन मोठं केलं, पोटात बर्फाचे खण बांधले, आणि डिझेल, तांदूळ, पिण्याचं पाणी भरून लांब जायला सुरुवात झाली. जवळच्या पाण्यात जे झालं, तेच हळूहळू लांबच्या पाण्यात होऊ लागलं.

यात पैशाचा हिशोबही समजून घ्या. बहुतेक ट्रॉलरवर खलाशांना महिन्याचा पगार नसतो. फेरीतून आलेल्या मालाच्या पैशातून आधी डिझेल, बर्फ आणि शिध्याचा खर्च वजा होतो, आणि उरलेल्यातून मालक आणि खलाशी यांचे वाटे पडतात. बोट जितकी लांब जाईल तितकं डिझेल जास्त. पंधरा दिवस राबून माल कमी आला, तर खलाशाच्या हातात काय पडणार? म्हणूनच तांडेलाला रिकाम्या खणांनी परतणं परवडत नाही. म्हणूनच जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, बारीक ठेवण्याचा मोह होतो आणि ज्यांनी अजून एकदाही अंडी घातली नाहीत अशी पिल्लंही पिशवीत येतात. ती आपल्या ताटात येत नाहीत. सुकवून कोंबड्यांच्या खाद्याला किंवा फिशमीलच्या कारखान्याला जातात. उद्याचा मासा आज किलोच्या भावात कोंबडीला घातला जातो, असं म्हटलं तरी चालेल.

लांब जाण्याची दुसरी किंमत जिवाची आहे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आलं. कन्याकुमारी आणि केरळचे कित्येक खोल समुद्रातले कोळी त्याच्या कितीतरी दिवस आधी निघालेले होते. किनाऱ्यावर दिलेला इशारा इतक्या लांब पोहोचलाच नाही. अनेक जण परतले नाहीत. कासिमेडूचीही अशी आठवण आहे. २०२० च्या जुलैत इथून निघालेली एक बोट ठरलेल्या दिवशी आली नाही. घरच्यांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. सप्टेंबरमध्ये कळलं की बोट भरकटत थेट म्यानमारच्या बाजूला पोहोचली होती. बंगालचा उपसागर नकाशात एकदा पाहा, म्हणजे हे अंतर किती ते कळेल.

धक्क्यावरची अक्का

त्या रविवारी मी शंकरा घ्यायला एका अक्कांसमोर थांबले. "अक्का, हा तुमच्या घरच्या बोटीचा का?" असं विचारलं. त्या हसल्या. त्यांचे यजमान ट्रॉलरवर खलाशी आहेत आणि बोट निघून नऊ दिवस झाले होते. पण समोरचा मासा त्यांनी लिलावात, इतर सगळ्यांसारखाच पैसे मोजून घेतला होता. "बोटीचा माल व्यापाऱ्याचा, मा. माझा फक्त माणूस," असं काहीसं त्या म्हणाल्या. माझं तमिळ अजून कच्चं आहे, पण एवढं समजलं.

पहाटे दोनला उठून लिलाव गाठायचा, टोपली भरायची, दुपारपर्यंत विकायची आणि मधे मधे फोन बघायचा. बोट मोबाइलच्या टप्प्यात आली की पहिला फोन त्यांनाच येतो. मी भाव कमी करा म्हणणार होते, ते तोंडातच राहिलं. तुम्हीही कधीच घासाघीस करू नका, असं मी म्हणणार नाही. पण मॉलमध्ये छापील किंमत देताना आपण गप्प असतो आणि अक्कांसमोर मात्र वीस रुपयांसाठी अडून बसतो, हे तेव्हा लक्षात आलं.

आपण काय करू शकतो?

समुद्र वाचवण्याचं सगळं ओझं गृहिणीच्या पिशवीवर टाकणं बरोबर नाही. नियम करणं आणि पाळायला लावणं हे सरकारचं काम आहे. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत:

• बंदीचे दिवस लक्षात ठेवा. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवस बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै असते. मुंबईहून चेन्नईला आलेल्यांची इथेच गफलत होते. आपल्याला नारळी पौर्णिमेचा हिशोब माहीत असतो, इथला वेगळा. तामिळनाडूत ही बंदी २००१ मध्ये ४५ दिवसांनी सुरू झाली आणि नंतर वाढवली गेली. या काळात कोळी कुटुंबांना सरकारी मदत मिळते. ती ८,००० रुपये करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. दोन महिन्यांसाठी ती किती पुरते, याचा हिशोब तुम्हीच करा.

• बंदीच्या काळात मोठ्या माशांचा हट्ट नको. लहान फायबर होड्या तेव्हाही किनाऱ्याजवळ जातात. त्यांची नेत्तिली, मत्ती (म्हणजे आपली तारली) ताजी असते, स्वस्त असते आणि मुलांसाठी पौष्टिकही.

• बोटभर लांबीचा शंकरा किंवा वंजिरमचं पिल्लू स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल, तर निदान त्या एका टोपलीपुरती तरी मागणी कमी होते.

• ट्रॉलरच्या मालात पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा मासा एकत्र येतो. त्यामुळे "आजच बोट आली" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. डोळे चमकदार, कल्ले लाल आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येत असेल, तरच घ्या.

• जमलं तर एकदा मुलांना घेऊन कासिमेडूला जा. जुने बूट घाला. जवळच रॉयपुरमचं रेल्वे स्टेशन आहे, दक्षिण भारतातली पहिली रेल्वे १८५६ मध्ये तिथून सुटली होती. एका सकाळी दोन धडे होतील.

निघताना मी बंदराच्या बांधाकडे पाहिलं. एक ट्रॉलर बाहेर पडत होता. डेकवर बर्फ भरून झाला होता, एक मुलगा दोरी गुंडाळत होता, आणि केबिनवर झेंडूचा हार नवाच होता. पुढच्या पंधरवड्यात त्याची बोट परत येईल, तेव्हा त्यातला शंकरा कदाचित तुमच्या-माझ्या घरी येईल. त्या दिवशी जेवताना मुलांना सांगा की हा मासा कासिमेडूचा आहे, आणि तो आणणारा कुणाचा तरी बाबा काल रात्रीच घरी आला आहे.

तुमच्या घरी बंदराची, कोळीवाड्याची किंवा धक्क्यावरच्या बाजाराची एखादी आठवण असेल, तर मला नक्की लिहून कळवा. मालवणची, अलिबागची, कारवारची, कुठलीही चालेल. पुढच्या वेळी भेटूच.

तोवर, काळजी घ्या!